दुष्काळाच्या लेकी

१८९१ च्या खानेसुमारीत बुलढाणा जिल्ह्यात ४ लाख ८१ हजार माणसे मोजली गेली. १९०१ मध्ये ती सुमारे ४ लाख २४ हजार भरली. दहा वर्षांत वाढणे दूरच, जिल्हा सत्तावन्न हजारांनी आटला. साऱ्या वऱ्हाडाची तीच गत होती. सुमारे २९ लाखांचे साडेसत्तावीस लाख झाले. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ असे ज्याचे कौतुक, जिथली काळी जमीन आणि कपाशीचा पैसा पाहून दुष्काळ इथे फिरकणार नाही असे सरकारी साहेबही धरून चालले होते, त्या मुलखाचे हे आकडे आहेत. १८९६-९७ ची टंचाई लोकांनी कशीबशी ढकलली होती. १८९९ च्या पावसाळ्याने मात्र दगा दिला आणि जुनी माणसे ज्याला छप्पनचा दुष्काळ म्हणत, तो उंबरठा ओलांडून आत आला.

ज्ञानगंगेच्या खोऱ्यातले पिंपळगाव राजा आज खामगाव तालुक्यात आहे. खामगाव तालुका बुलढाण्याला जोडला गेला तो १९०५ साली. म्हणजे वरच्या बेरजेत त्या तालुक्याची माणसे नाहीत. पण दुष्काळ काही तालुक्याची शीव पाहून थांबत नाही. गुरे गेली, मग म्हातारी माणसे आणि तान्ही मुले गेली, मग खडी फोडायला गेलेले कर्ते हात पटकीने गेले. मागे उरली ती मधल्या वयाची पोरे, धड मोठी नाहीत आणि धड कडेवरचीही नाहीत अशी. गावच्या यादीत त्यांची नोंद ‘अनाथ’ या एका शब्दात होई.

आपल्या जिल्ह्यात आई-मुलाचा विषय निघाला की बोट आपोआप सिंदखेडराजाकडे जाते. आईने मूल कसे घडवले, ही महाराष्ट्राची सर्वांत लाडकी गोष्ट, आणि ती जिथे सुरू होते तो जाधवांचा वाडा याच जिल्ह्यात आहे. आई नसलेल्या मुलांचे काय झाले, ही गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. खामगावात अलायन्स मिशनने दुष्काळी मुलींसाठी अनाथालय चालवले, अकोल्यात मुलांसाठी. त्या मुलींनी स्वतः लिहून ठेवलेले आपल्या हाती फारसे काही नाही. त्याच काळातल्या दुसऱ्या एका बाईने मात्र लिहून ठेवले आहे. ती स्वतः दुष्काळात पोरकी झाली होती आणि वीस-बावीस वर्षांनी दुष्काळातल्या शेकडो मुलींची आई झाली. म्हणून वऱ्हाडातल्या त्या मुक्या पोरांची गोष्ट समजून घ्यायची, तर पंडिता रमाबाईंची वाट धरावी लागते.

गंगामूळची पहाट

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. तरुणपणी ते पुण्यात रामचंद्रशास्त्री साठ्यांकडे शिकत होते. साठेशास्त्री पेशव्यांच्या घरातल्या बाईला संस्कृत शिकवत. बाईच्या तोंडून संस्कृत श्लोक ऐकून या कर्मठ विद्यार्थ्याच्या मनाने घेतले की आपणही बायकोला शिकवायचे. पहिल्या बायकोच्या बाबतीत ते जमले नाही. ती वारल्यावर यात्रेच्या वाटेवर, गोदावरीकाठी, एका प्रवासी ब्राह्मणाने आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना दिली. शास्त्रीबुवा तेव्हा चाळिशी ओलांडलेले. आजच्या डोळ्यांनी पाहिले तर हे लग्न अंगावर येते. पण या लक्ष्मीबाईला शास्त्रीबुवांनी खरेच संस्कृत शिकवले. बाईला देवभाषा शिकवल्याबद्दल त्यांना उडुपीला धर्मसभेपुढे जाब द्यावा लागला. पुढे ते सह्याद्रीच्या जंगलात, गंगामूळला जाऊन राहिले. तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाचा जन्म झाला.

घर फार काळ टिकले नाही. विद्यार्थी, यात्रेकरू, अतिथी यांच्या पंगती उठवता उठवता कर्ज झाले आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. रमा तेव्हा सहा महिन्यांची होती. वेताच्या टोपलीत, गड्याच्या डोक्यावरून तिचा प्रवास सुरू झाला. त्यानंतर तिला घर असे मिळालेच नाही. देवळाच्या ओवऱ्या, धर्मशाळा, झाडाखालची जागा हेच मुक्काम. आईवडील पुराण सांगत, ऐकणारे ताटात शिधा टाकत, त्यावर सगळ्यांची गुजराण.

असे मूल अस्थिर होईल, भेदरट होईल, असे कोणालाही वाटेल. इथेच लक्ष्मीबाईंची पहाट येते. दिवसभर स्वयंपाक, धुणी आणि पाहुणे यांतून तिला सवड नसे. म्हणून उजाडण्याआधी ती झोपाळलेल्या लेकीला जमिनीवरच्या अंथरुणातून उचलून मांडीवर घेई, लाडाने जागे करी आणि श्लोक म्हणून घेई. पुस्तक नव्हते. आईच्या ओठांवरून मुलीच्या ओठांवर, असा तो पाठ चाले. बारा वर्षांची होईतो रमाला भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत झाले, असे सांगतात. त्यांची संख्या बाजूला ठेवू. ते शिकताना अंगाभोवती आईचे हात होते, ही त्यातली मोलाची गोष्ट. घर बदलत होते, गाव बदलत होते, आई बदलत नव्हती. पुढे अमेरिकेत इंग्रजी पुस्तक लिहिले तेव्हा रमाबाईंनी ते आईच्या स्मृतीला अर्पण केले.

याच संगोपनाची दुसरी बाजूही रमाबाईंनी लपवलेली नाही. मुलांना धर्मग्रंथ शिकवले, पण पोट भरण्याचा एकही उद्योग शिकवला नाही. बाहेरच्या शाळेत घातले नाही, इंग्रजीचा वारा लागू दिला नाही, अंगमेहनत करणे कमीपणाचे मानले. जवळचे किडूकमिडूक देवाधर्मावर, दानदक्षिणेवर गेले. मग टंचाई आली तेव्हा अठरा हजार श्लोक पाठ असलेल्या मुलीला मूठभर धान्य कसे मिळवायचे ते ठाऊक नव्हते.

भाकरीचा तुकडा

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत अन्न मिळेनासे झाले. तिरुपतीच्या जंगलात या कुटुंबाने अकरा दिवस झाडपाला आणि पाणी यांवर काढले. वडिलांची दृष्टी गेली होती. पोरांचे हाल डोळ्यांआड तरी व्हावेत म्हणून त्यांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले. मुलाने, श्रीनिवासने, मी मजुरी करीन म्हणून त्यांना थांबवले. पण फार दिवस गेले नाहीत. वडील वारले. पाठोपाठ आईने अंथरूण धरले.

त्या दिवसांतला एक प्रसंग रमाबाईंनी पुढे लिहिला आहे. आजारी आईला काहीतरी खायला मिळावे म्हणून सोळा वर्षांची रमा शेजारणीकडे बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला गेली. आयुष्यात कधी हात पसरला नव्हता. दारात उभी राहिली, पण तोंडून शब्द फुटेना. डोळ्यांतून धारा लागल्या. शेजारणीने भाकर दिली, तीही रमाला घेववेना, मागून आलेल्या भावाने घेतली. आईला मात्र ती गिळवली नाही. आई गेली तेव्हा खांदा द्यायला माणसे मिळेनात. दोघे ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ, चौथी रमा. उंची पुरेना म्हणून तिने तिरडीचे टोक डोक्यावर घेतले. काही महिन्यांनी थोरली बहीणही गेली.

उरले बहीण-भाऊ. पुढची काही वर्षे ही दोघे देशभर पायी हिंडली. पंजाबाकडच्या कडाक्याच्या थंडीत अंगावर पांघरूण नसे. तेव्हा नदीच्या वाळवंटात दोन खड्डे खणायचे, त्यात शिरायचे, डोके तेवढे बाहेर ठेवून कोरडी वाळू अंगावर ओढून घ्यायची आणि रात्र काढायची. १८७८ मध्ये ती कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. भुकेने आणि मृत्यूने सगळे हिरावले, पण पहाटेच्या पाठाने दिलेला ठामपणा शाबूत राहिला. आईवडील, बहीण आणि १८८० मध्ये भाऊ गेल्यावरही ही मुलगी कोलमडली नाही. परजातीच्या, परप्रांताच्या बिपिनबिहारी मेधावींशी तिने नोंदणी लग्न केले. १८८१ च्या एप्रिलमध्ये मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. दहा महिने होतात न होतात तोच बिपिनबाबू पटकीने गेले. तेवीस वर्षांची विधवा तान्ह्या मुलीला घेऊन पुण्याला आली.

उघडे दार

पुढचा प्रवास मराठी वाचकाला ओळखीचा आहे : आर्य महिला समाज, हंटर कमिशनपुढची साक्ष, १८८३ मध्ये इंग्लंड, वाँटेजच्या मठात ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिका. आपल्या विषयाच्या दृष्टीने अमेरिकेतली एक गोष्ट महत्त्वाची आहे. फिलाडेल्फियात रमाबाईंनी फ्रबेलच्या बालोद्यान पद्धतीचा रीतसर अभ्यास केला. लहान मूल घोकून शिकत नाही, खेळून, हाताळून आणि मायेच्या माणसाकडे पाहून शिकते, असे ती पद्धत मानते. आईच्या मांडीवर पाठांतर केलेल्या बाईला हे पटायला वेळ लागला नसणार.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन निघाले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. पहिली विधवा विद्यार्थिनी होती कोकणातली गोदूबाई. तीच पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी आनंदीबाई झाली. सदनात केशवपन झालेल्या, घरात पांढऱ्या पायाच्या ठरलेल्या, कोपऱ्यात बसून एकवेळ जेवणाऱ्या मुली येत. इथे त्यांना वह्या मिळत, बागेत हिंडायला मिळे, हसले तर कोणी रागावत नसे. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा होता. त्याची अट होती की धर्म शिकवायचा नाही. सल्लागार मंडळावर रानडे, भांडारकर असे लोक होते.

वाद पेटला तो एका दारावरून. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. कोणी बोलावले नव्हते, कोणी अडवलेही नाही. पुण्यात गहजब झाला, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. दार लावून घ्या, मुलींना येऊ देऊ नका, असे सल्लागारांचे म्हणणे होते. रमाबाईंनी ते मानले नाही. मी माझी प्रार्थना लपवणार नाही आणि येणारीला हाकलणार नाही, हा त्यांचा पवित्रा होता. १८९३ मध्ये रानडे-भांडारकर बाजूला झाले आणि वीस-पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या.

आजवर हा वाद धर्मांतराचा म्हणून लिहिला गेला, आणि तो तसा होताच. पण त्याच्या मुळाशी माणसाच्या घडणीचा प्रश्न आहे, आणि त्यात दोन्ही बाजूंचे थोडे थोडे बरोबर होते. रमाबाई म्हणत की मी कोणाला धर्म शिकवत नाही. ते खरे होते. पण ज्या मुलीला जन्मात कोणी जवळ घेतले नाही, तिला जवळ घेणारी बाई जिकडे तोंड करून बसते तिकडेच ती मुलगी तोंड करते. त्यासाठी शिकवणीची गरज नसते. विरोधकांना हे बरोबर कळले होते. त्यांना कळले नव्हते ते हे, की असे दार त्यांच्या स्वतःच्या घरात या मुलींसाठी कधी उघडेच नव्हते. असते, तर त्या रमाबाईंच्या खोलीत जाऊन बसल्या नसत्या.

नर्मदेच्या खोऱ्यात

१८९६ अखेर मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या येऊ लागल्या. सदनाचाच खर्च भागताना मारामार होती. तरी १८९७ च्या सुरुवातीला रमाबाई निघाल्या. वऱ्हाडच्या उत्तरेला, सातपुड्यापलीकडे नर्मदेच्या खोऱ्यात, सोहागपूर, नरसिंहपूर भागातले सरकारी गरीबखाने आणि दुष्काळी कामे त्यांनी पाहिली. पाहताना आपलेच दिवस पुन्हा डोळ्यांपुढे आले, असे त्यांनी लिहिले आहे. भूक म्हणजे काय हे त्यांना अहवालातून कळायचे नव्हते.

गरीबखान्यात पोरांना शिधा मिळत होता, पण शिध्यावर हात मारणारे मुकादम होते, आणि चार मुलींना गोड बोलून घेऊन जाणारे दलालही होते. एकट्या मुलीची वाट कुठे जाते हे रमाबाईंना ठाऊक होते. म्हणून त्यांनी मुली आणायला सुरुवात केली. वर्ष सरेपर्यंत सुमारे तीनशे मुली त्यांच्या छपराखाली आल्या.

छप्पर तरी कुठे होते? पुण्यात प्लेग आला होता. शहरात एवढी गर्दी ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. पुण्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, दौंडच्या वाटेवर, केडगावला रमाबाईंनी संस्थेला पैसा मिळावा म्हणून फळबागेसाठी जमीन घेतलेली होती. तिथे तंबू आणि गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. विहिरी खोदल्या. सप्टेंबर १८९८ मध्ये मुक्तिसदनाची रीतसर प्रतिष्ठापना झाली. त्याच धामधुमीत, आपल्या एका मुलीची सरकारी प्लेग इस्पितळात आबाळ झाली म्हणून रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ला जाहीर पत्र लिहिले आणि सरकारलाच जाब विचारला. मिशनची बाई म्हणून गप्प बसतील ही अपेक्षा फोल ठरली. लेकीच्या बाजूने आई भांडावी तशा त्या भांडल्या.

१९०० मध्ये छप्पनच्या दुष्काळाने गुजरात होरपळला, तिकडूनही मुली आल्या. नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत केडगावची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजारांची आई

शंभर-दोनशे मुलांवर एक पगारी माणूस नेमायचा, वेळेवर जेवण घालायचे आणि रांगेत उभे करायचे, ही अनाथालयाची जगभरची जुनी तऱ्हा. रमाबाईंपुढे तोच सोपा मार्ग होता. त्यांनी दुसरा निवडला. शारदा सदनात वाढलेल्या मोठ्या मुली, ज्या कालपर्यंत स्वतः टाकलेल्या होत्या, त्यांच्याकडे नव्या मुली सोपवल्या. न्हाऊमाखू घालणे, उवा काढणे, खरूज धुणे, भरवणे, रात्री जवळ निजवणे आणि मग अक्षरओळख, हे सगळे त्याच मोठीकडून. उपासमारीतून आलेले मूल पहिले कित्येक दिवस भाकर अंथरुणात लपवते, दुसऱ्याच्या ताटावर झडप घालते, जवळ येणाऱ्याला ओरबाडते. ते वाईट नसते. उद्या मिळेल यावर त्याचा विश्वास उरलेला नसतो. तो विश्वास धान्याच्या कोठारामुळे येत नाही, रोज त्याच हातांनी वाढल्यामुळे येतो.

याच व्यवस्थेने वाढवणाऱ्या मोठ्या मुलींनाही सावरले. जिला घरात अपशकुनी म्हणत होते, तिच्या पदराला आता कोणीतरी चिमुकली धरून होती. रमाबाईंनी आपल्या आईवडिलांची चूकही इथे दुरुस्त केली. मुक्तीत प्रत्येक मुलीला वाचन-लेखनाबरोबर हाताला काम होते : विणकाम, तेलघाणा, गोठा, शेती, छपाई. लहानांसाठी बालोद्यान होते. आंधळ्या मुलींसाठी ब्रेल लिपीचे शिक्षण होते. पोट भरता येत नाही म्हणून कुठल्याही मुलीला शेजारणीच्या दारात रडत उभे राहावे लागू नये, याची ती तजवीज होती. पुढे रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर केले, त्याचे खिळे जुळवणारे हातही याच मुलींचे होते.

या सगळ्याला किंमत होती आणि ती मुलींनी मोजली. नर्मदेकाठच्या आणि गुजरातेतल्या गावांतून आलेल्या त्या मुलींच्या बोली मागे राहिल्या, देव मागे राहिले, कुळाची नावे मागे राहिली. बहुतेकींचा धर्म बदलला. आठ वर्षांच्या पोरीची त्यात निवड किती, हा प्रश्न पुण्याच्या सनातन्यांनी विचारला म्हणून तो खोटा ठरत नाही. ज्या मायेने त्यांना जगवले, तिनेच त्यांना आपल्या वळणाचे केले. १८९३ मध्ये खोलीच्या दाराशी जे घडले तेच केडगावला हजारांच्या संख्येने घडले.

पन्नास वर्षांनी आलेले शास्त्र

रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. त्या ओळखून होत्या ती गोष्ट शास्त्राच्या कसोटीवर यायला आणखी दोन-तीन दशके लागली. १९४५ मध्ये रेने स्पिट्झ या डॉक्टराने दोन ठिकाणची तान्ही मुले पाहिली. एक होते स्वच्छ, नेटके अनाथालय, जिथे एका दाईकडे सात-आठ मुले असत. दुसरे होते तुरुंगातले पाळणाघर, जिथे कैदी आया आपापल्या मुलांना सांभाळत. तुरुंगातली मुले हसरी, अंगाने भरलेली निघाली. अनाथालयातली पोरे खाऊनपिऊन सुकत गेली आणि दोन वर्षांत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक दगावली. १९५१ मध्ये जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. लहान मुलाला अन्नाइतकीच एका मायेच्या माणसाची गरज असते, हा त्याचा सारांश. २००० नंतर बुखारेस्टमध्ये १३६ मुलांवर झालेल्या प्रदीर्घ अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. अनाथालयातून काढून पालक कुटुंबात दिलेली मुले सावरतात, आणि दोन वर्षांच्या आत दिलेली सर्वांत चांगली सावरतात.

या संशोधनाने आईचेच नाव फार घेतले, आणि त्यामुळे आया उगीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. आपल्याकडे मूल एकट्या आईच्या ओटीत कधी वाढलेच नाही. आजी, आत्या, काकू, थोरली बहीण असे चार हात असत. हवाईमधल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर यांनी दशकानुदशके मागोवा घेतला. दारिद्र्य आणि मोडक्या घरांतून आलेली जी मुले पुढे नीट उभी राहिली, त्यांच्या आयुष्यात आईवडील नसले तरी कोणीतरी एक हक्काचे माणूस लहानपणापासून होते. केडगावच्या थोरल्या मुली म्हणजे ती माणसे.

शास्त्राचा हा निकष रमाबाईंच्या स्वतःच्या घराला लावला तर चित्र अवघड होते. मनोरमा दोन वर्षांची असताना आईबरोबर इंग्लंडला गेली. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनना ती ‘आजीबाई’ म्हणे. अमेरिकेत व्याख्याने देत फिरायचे म्हणून रमाबाईंनी पाच वर्षांच्या लेकीला तिकडेच परत पाठवले. मुलीला कोणते धर्मतत्त्व शिकवायचे यावरून आई आणि आजीबाई यांच्यात पत्रांतून कडाक्याचे वाद झाले. पुढे शिक्षणासाठी पुन्हा इंग्लंड, मग अमेरिका. १९०० मध्ये ती परतली आणि मरेपर्यंत आईच्या कामाला जुंपून राहिली. शाळेचा कारभार तिने पाहिला, लग्न केले नाही. २४ जुलै १९२१ रोजी, चाळीस वर्षांची असताना ती गेली. त्यानंतर रमाबाई नऊ महिनेही जगल्या नाहीत. दोन हजार मुलींना आई देताना एकीची आई वारंवार दूर राहिली, हे मांडायला हवे. त्यात दोष काढण्यासारखे काही नाही. आधार देणाऱ्या बाईला स्वतःचा आधार कोणाचा होता, हे विचारायला मात्र कोणी नव्हते.

यादीतला रिकामा रकाना

आता दुष्काळात माणसे रस्त्यावर मरत नाहीत. पण २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचे विशेष पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांना मिळाले, त्यांत बुलढाणा होता. बाप गेलेली मुले पिंपळगाव राजाच्या पंचक्रोशीतही आहेत आणि खामगाव-नांदुऱ्याकडेही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने संस्था हा शेवटचा पर्याय मानला आहे. मूल शक्यतो नात्यातल्या घरी वाढावे म्हणून महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने बालसंगोपन योजना आहे आणि तिच्यातून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. मोठी तीनशे पोरांची वसतिगृहे बांधण्यापेक्षा ही वाट निश्चित शहाणपणाची आहे. रमाबाईंनी थोरल्या मुलीच्या मांडीवर धाकटी दिली, त्याच विचाराची ती सरकारी आवृत्ती म्हणता येईल.

अर्जात मृत्यूचा दाखला लागतो, उत्पन्नाचा लागतो, बँकेचे पासबुक लागते. ते असायलाच हवे. शिवाय चौकशीला घरी येणाऱ्या बाईंनी आणखी एक गोष्ट पाहून यावी : हे मूल दुखलेखुपले तर कोणाकडे धाव घेते? आजीकडे घेत असेल तर त्या आजीचा गुडघा, तिचे औषध आणि तिच्या चुलीचा खर्च हाही मुलाच्याच संगोपनाचा भाग धरला पाहिजे. कोणाकडेच घेत नसेल, तर खात्यात पैसे वेळेवर जमा होऊनही ते मूल अजून पोरके आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी गरीबखान्यात धान्य पोचत होते आणि तरीही मुली दलालांच्या मागे जात होत्या, त्याचे कारण हेच होते. पोरक्या मुलाला जो प्रथम जीव लावतो, त्याच्या मागे ते जाते. तो कोण असावा हे ठरवण्याची संधी गावाला एकदाच मिळते, आणि ती सोडली तर दुसरे कोणीतरी ठरवते.